चारीची सूचना ६० मीटर आधी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की पुण्यात खोदाईला जोर येतो. जलवाहिनी, सांडपाण्याची वाहिनी, केबलच्या चाऱ्या, जोडीला मेट्रो आणि उड्डाणपुलांची कामे. बहुतेक ठिकाणी दृश्य एकच असते: चारीच्या काठाला खेटून दोन बॅरिकेड, मध्ये लाल-पांढरी रिबन आणि शेजारी राडारोड्याचा ढीग. एवढे केले की सुरक्षिततेची व्यवस्था झाली, ही समजूत जीवघेणी आहे.

ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारा दुचाकीस्वार सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे जातो. अडथळा दिसून, ओळखून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ रस्त्याच्या आखणीत अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ३५ मीटर संपले. गाडी पूर्ण थांबेपर्यंत एकूण ६० मीटर लागतात, रस्त्यावर खडी-माती सांडलेली असेल तर त्याहून जास्त. चारीपासून अर्ध्या मीटरवर उभा केलेला बॅरिकेड त्याला थांबवत नाही, त्याच्यासोबत चारीत पडतो.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची ‘एसपी ५५’ ही मार्गदर्शक तत्त्वे नेमकी याच विषयावर आहेत. त्यांत कामाच्या जागेचे टप्पे पाडलेले आहेत: आगाऊ सूचनेचा, वाहतूक हळूहळू बाजूला सरकवण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी वाहतूक पुन्हा मूळ मार्गावर आणण्याचा. आपल्याकडे प्रत्यक्ष कामाचा टप्पा तेवढा दिसतो. सर्वांत जास्त हेळसांड होते ती दुसऱ्या टप्प्याची. एक लेन बंद करायची तर प्लास्टिकचे शंकू (कोन) तिरक्या रेषेत, ५० मीटरभर लांबीत मांडावे लागतात. तेवढ्या अंतरात दुचाकीस्वाराला साडेतीन सेकंद मिळतात. आरशात पाहून शेजारच्या लेनमध्ये सरकायला ते पुरतात. त्याऐवजी बॅरिकेड रस्त्याला आडवा लावला की तो ऐन वेळी हँडल वळवतो आणि मागून येणाऱ्या बसच्या पुढ्यात जातो.

तिरकी रेषा संपते तिथून चारीपर्यंतची जागा पूर्ण रिकामी ठेवायची असते. चुकून आत शिरलेल्या वाहनाला थांबायला तीच जागा असते. नेमका तिथेच डंपर उभा केला जातो किंवा वाळू टाकली जाते.

रात्री अडचण दुप्पट होते. बॅरिकेडवरचा लाल-पांढरा रंग दिवसा ठळक दिसतो, पण रात्री उपयोगी पडतो तो हेडलाइटचा प्रकाश चालकाकडे परत पाठवणारा परावर्तक पत्रा. दोन्हींतला फरक कोणीही तपासू शकतो. अंधारात तीस पावलांवर उभे राहून मोबाइलचा टॉर्च डोळ्यांजवळ धरावा. परावर्तक पत्रा लखलखतो, साधा रंग मंदच राहतो. या पत्र्यावर चिखल उडाला की तोही निकामी होतो, म्हणून रोज संध्याकाळी तो ओल्या फडक्याने पुसणे हे कामाचाच भाग मानले पाहिजे.

प्लास्टिकचे बॅरियर पाण्याने भरून एकमेकांत अडकवायचे असतात. रिकामे बॅरियर मोटारीच्या हलक्या धक्क्यानेही सरकतात आणि मधल्या फटीतून दुचाक्या आत शिरतात. उंच पत्र्यांच्या कुंपणाला जिथे वळणासाठी खंड ठेवलेला असतो, तिथे शेवटच्या काही मीटरांत पत्र्याऐवजी जाळी हवी. नाहीतर बॉनेट रस्त्यात आल्याशिवाय चालकाला समोरचे काही दिसत नाही. चारीवर टाकलेली लोखंडी प्लेट पावसात निसरडी होते. ती जागेवर घट्ट बसवून तिच्या कडांना डांबराचा उतार दिला नाही, तर रोजच्या हादऱ्यांनी सरकून फट पडते.

बॅरिकेड उचलले की काम संपले असेही नाही. चारीतला मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून दाबावा लागतो. एकदम ओतून वरून डांबर फासले की पहिल्या मोठ्या पावसात चारी खचते आणि रस्त्याच्या लांबीत पन्हळ तयार होते. त्यात दुचाकीचे चाक अडकले की तोल सावरता येत नाही. तोवर सूचनाफलक कधीच गेलेला असतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याची मानके न पाळल्याबद्दल १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण त्यासाठी आधी कोणाचा तरी मृत्यू किंवा अपंगत्व ओढवावे लागते. अपघाताआधी चाप बसायचा असेल तर निविदेत वाहतूक सुरक्षा ही स्वतंत्र बाब असावी आणि तिचे पैसे दिवसाच्या हिशेबाने द्यावेत. ही रक्कम इतर बाबींत मिसळलेली असली की ठेकेदार सर्वप्रथम तिथेच बचत करतो. पाहणीत कोन किंवा दिवे कमी आढळले, तर त्या दिवसाचे पैसे बिलातून कापावेत. आणि ही पाहणी अभियंत्यांनी रात्री दहानंतर, दुचाकीवरून, दोन्ही दिशांनी येऊन करावी, ही महापालिकेच्या पथ विभागाला कळकळीची विनंती.

– रस्तेबांधणी क्षेत्रातील एक वाचक, कोथरूड, पुणे