निखिल, ‘शो मी लव्ह’ एकदा नीट ऐक

पुणे

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालास, “हाउस म्युझिकमध्ये आहे काय, नुसता धडधडाट!” मी गाडी चालवत होतो, वाद घालायची सोय नव्हती. आज निवांत लिहितोय. हाउस म्हणजे क्लबांत नाचायला वाजतं ते इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि त्याच्या बाजूनं माझी सगळी भिस्त एकाच गाण्यावर आहे: रॉबिन एस.चं ‘शो मी लव्ह’.

गाजलं ते 1993 मध्ये, पण ब्रिटनच्या चॅम्पियन रेकॉर्ड्सनं ते 1990 मध्येच काढलं होतं. ॲलन जॉर्ज आणि फ्रेड मॅकफार्लेन यांची रचना, गायिका न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. मग 1992 मध्ये ते स्टोनब्रिज या स्वीडिश डीजेकडे रिमिक्सला गेलं. त्याचा पहिला प्रयत्न कंपनीला पसंत पडला नाही. तेव्हा त्यानं जवळजवळ सगळं काढून टाकलं, रॉबिनचा आवाज आणि किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, तेवढी ठेवली. खाली बेस घातला तो कॉर्ग एम-1 सिंथेसायझरमधल्या ‘ऑर्गन 2’चा. म्हणजे कीबोर्डबरोबर तयारच येणारा आवाज, कुणीही बटण दाबावं आणि वाजवावा! बेसला ऑर्गन घेण्यातच सगळी करामत आहे. त्याचा स्वर टक्कन उमटतो, म्हणून बेसही ताल धरतो.

तू तबल्याचा माणूस, तुझ्या भाषेत सांगतो. चार मात्रा, चारही मात्रांवर किक, चारींचं वजन सारखं. खाली, म्हणजे हलकी सोडलेली मात्रा, नाहीच. लय मिनिटाला साधारण 120 ठोक्यांची. वजन सगळीकडे एकच, म्हणून लय झुलवायचं काम बेसकडे येतं, आणि हा बेस मात्रांच्या मधल्या जागांत जास्त बोलतो. त्यावर रॉबिनचा भरदार गळा. प्रेमात पोळलेली बाई आहे ती, पण विनवण्या करत नाही, अट घालते.

बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या डान्स क्लबांच्या यादीत ते पहिलं आलं. ही यादी खपावर नव्हती रे. कोणत्या गाण्याला फ्लोअरवर किती प्रतिसाद मिळाला, हे क्लबांतले डीजे कळवायचे आणि त्यावरून क्रम लागायचा. पुढे हॉट 100 मध्ये, म्हणजे बिलबोर्डच्या मुख्य यादीत, ते पाचवं आलं, ब्रिटनमध्ये सहावं. मला विचारशील तर क्लबांतला पहिला नंबर या दोन्हींहून मोठा. जाहिरात करून रेकॉर्ड खपवता येते. मध्यरात्री पाय दुखत असलेल्या माणसाला पुन्हा नाचायला उठवायचं तर गाण्यातच दम लागतो. 2020 च्या मार्चमध्ये क्लब बंद पडले आणि ती यादीही थांबली. मला त्याची फार हळहळ वाटते.

2022 मध्ये बियॉन्सेचं ‘ब्रेक माय सोल’ आलं, त्यात हाच ऑर्गनचा बेस घुमतो. गीतकारांच्या यादीत जॉर्ज आणि मॅकफार्लेन यांची नावं आहेत, आणि ते गाणं हॉट 100 मध्ये पहिल्या नंबरापर्यंत चढलं. आपलं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आहे, हे रॉबिनला तिच्या मुलाकडून कळलं! वाचून इतका आनंद झाला मला.

आता एक कर. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, तिथे बेस मरतो. चांगले हेडफोन लाव, आधी स्टोनब्रिजचं रिमिक्स ऐक, मग 1990 चं मूळ. रिमिक्स चालू असताना डग्ग्यावर हात ठेव आणि बेसच्या जागा पकडता येतात का बघ. रविवारी फोन करतो, तेव्हा सविस्तर भांडू.

काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
मंदार