नाव विचारायचं राहिलं

जर्मनीतला रहिवासी परवाना अखेर हातात आला. एजंट नाही, वकील नाही. पण सगळं एकट्याने केलं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पत्तानोंदणीला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं, हे ट्राममध्ये माझं आईशी फोनवरचं मराठी ऐकून मागे वळलेल्या काकूंनी सांगितलं. मुदत दोन आठवड्यांची, माझे अकरा दिवस गेलेले! पत्र कसं मागायचं, तेही त्यांनीच माझ्या वहीत जर्मनमध्ये लिहून दिलं. आणि परवान्याच्या कार्यालयात खिडकीपाशी माझी त-त-प-प ऐकून रांगेतून पुढे आलेला तो तुर्की दादा! ‘प्रवासविमा इथे चालत नाही,’ म्हणाला आणि स्वतःच्या फाइलमधलं विम्याचं पत्र काढून दाखवलं. दोघांचेही मनापासून आभार. काकू, तुमचं पेन अजून माझ्याकडेच आहे.