आईनं खिडकीत काय सांगितलं

एडिसन, ३ मे

मुन्ना,

एवढं लांबलचक बघून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. आईचं बीपी गोळीवर, माझी शुगर बॉर्डरवर, झालं. तुझ्या चार मेसेजना उत्तर दिलं नाही त्याच्या शिव्या नंतर घाल, आधी हे ऐक, कारण बायकोला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, त्यात काय एवढं.

ऑक्टोबरात तू आईला महालक्ष्मीनं मुंबईला नेलंस, एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बीकेसीला अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यू. मुळात ती वारी माझ्या आळसामुळे घडली हे मी तुला सांगितलंच नव्हतं. आईबाबांचा जुना व्हिसा डिसेंबर २०२३ ला संपला. तेव्हा नियम होता की संपून ४८ महिने झाले नसतील तर इंटरव्ह्यू नाही, नुसते कागद द्यायचे. मी म्हटलं चार वर्षं आहेत लेका, घाई कसली, त्यात बाबांचं आजारपण. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या ४८ चे १२ झाले. एका सकाळी उठलो तर आईला परत खिडकीसमोर उभं राहणं आलं. तुला मात्र मी फोनवर रुबाबात सांगितलं की हल्ली सगळ्यांनाच बोलावतात!

व्हिसाचा फॉर्म मीच भरला. तो डीएस-१६० म्हणजे एक छळ आहे, वीस मिनिटं काही केलं नाही की बाहेर फेकतो, मग परत आत जायला आईच्या आईचं नाव विचारतो, म्हणजे आईच्या दृष्टीनं तिच्या आजीचं. तिला ते आठवलं, वर ती आजी दशम्या कशा करायची तेही आठवलं, तेवढ्यात सेशन गेलं. मग वैवाहिक स्थिती. २०१३ ला मीच दोघांचे फॉर्म भरलेले, सोबत कोण येणार म्हणून एकमेकांची नावं टाकलेली. या वेळी सोबत कोणी नाही, आणि विधवा निवडलं की गेलेल्या नवऱ्याचा रकाना उघडतो, नाव, जन्मतारीख, जन्मगाव. तारीख अर्थात १ जून, पाटील मास्तरांनी अख्ख्या वर्गाला वाटलेली. मी ते टाईप केलं आणि उठून भांडी घासली, आमच्याकडे डिशवॉशर असून.

आता परवाची गोष्ट. जेवताना मी सहज विचारलं, खिडकीत काय काय विचारलं गं त्यांनी. एवढे महिने मला 'झालं बाबा, मिळाला' एवढंच माहीत. तर म्हणाली, गोरी बाई होती, बरी होती, मधे मराठी सांगणारी एक मुलगी. विचारलं कोणाकडे चाललात, सांगितलं मुलाकडे. मुलं किती? आई म्हणाली, दोन.

मी घास तसाच धरून बसलो.

दुसरा कुठे असतो? तर म्हणे, हा काय, बाहेर उन्हात उभा आहे, माझी पिशवी आणि फोन घेऊन. काय करतो? तंबोरे करतो. त्या बाईला तंबोरा काय ते कळेना, मग आईनं म्हणे हातानं दाखवला, काचेच्या पलीकडे, भोपळा एवढा, दांडी एवढी. आणि व्हिसा मिळाला.

पहिली प्रतिक्रिया सांगतो, हसू नकोस. मी घाबरलो. अमेरिकन अधिकाऱ्यासमोर खोटी माहिती, कायमची बंदी येते त्यावर! जेवण टाकून फॉर्मची पीडीएफ उघडली, रात्री एकपर्यंत वाचली. त्यात मुलं किती हा प्रश्नच नाही रे, अमेरिकेत जवळचं कोण आहे एवढंच विचारतात. सुटलो म्हणालो आणि झोपायला गेलो, आणि झोप काही आली नाही.

कारण ती खोटं बोलली असं तिला वाटतच नाहीये. मी म्हटलं आई, असं कसं सांगितलंस, तर म्हणाली मग काय सांगू, तिसऱ्या दिवशी कोण आलं आणि पहिल्या दिवशी कोण होतं. रागानं नाही, आमटी वाढता वाढता.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगू, तुझा रागही आला. ती राजदूत मोटारसायकल तू मला न विचारता विकलीस तेव्हा आला होता तसलाच. (पाचशे रुपये अजून बाकी आहेत.) तिकडे आईला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारा मी, आणि माझी आई परत जाणार याचा पुरावा कोण, तर तू. त्या बाईला तेच तर हवं होतं, म्हातारी परत जाईल की पोराकडे राहून जाईल. मी घराचा उतारा, पेन्शनचे कागद, बँकेचं स्टेटमेंट अशी जाड फाईल करून पाठवली होती, आई म्हणते कोणी उघडलीसुद्धा नाही.

तुझं काय चाललंय? पोरीचा बारावीचा रिझल्ट लागला की कळव. भोपळे आले का यंदा नीट? गुडघा दाखव कुणाला तरी. अम्मींना सलाम.

आता काम. आई १८ एप्रिलला उतरली, नेवार्कला सहा महिने दिलेत, ऑनलाईन आय-९४ वर १७ ऑक्टोबर आहे. गल्लीत सगळ्यांना वाटतंय दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहता येतं, तू तरी त्यांना सांग की व्हिसा दारात येण्यापुरता, राहायचं किती ते त्या आय-९४ वर. तर १७ ऑक्टोबरपर्यंत राहता येत असताना आई म्हणते गणपतीच्या आधी तिकीट काढ. मी तीनदा बोललो, ऐकत नाही. तू फोन कर. सांग की घराकडे सगळं ठीक आहे, गणपती तू बघतोस, ऑक्टोबरपर्यंत राहा म्हणावं. तुझं ऐकेल.

दोघांत मोठा कोण ते तिनं खिडकीत सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ती आत्ता मागे उभी राहून विचारतेय, गच्चीवरच्या टाकीचं झाकण बसवलंस का. बसव रे बाबा.

तुझा,
सुध्या