रंगांना नावं द्यायलाही शिकवा

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला डिजिटल पेंटिंगवरचा लेख वाचला, चांगलाय, टॅब्लेट कोणता घ्यावा, ब्रश कुठून डाउनलोड करावे, लेअर म्हणजे काय, सगळं आहे. पण रंग सांभाळायचे कसे यावर एक ओळ नाही, आणि मी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं करते त्यामुळे सांगते, काम बिघडतं ते तिथेच.

पुस्तक समजा 32 पानांचं. पहिल्या पानावर मुलीचा फ्रॉक छान डाळिंबी, मग पुढे कधीतरी आयड्रॉपरने (चित्रातलाच रंग उचलायचं टूल) रंग उचलला तो नेमका सावलीतला, त्याच्या पुढच्या पानावर त्यावरून उचललेला अजून काळपट, आणि शेवटी फ्रॉक विटकरी झालेला असतो! पॅलेट, म्हणजे वापरायच्या रंगांचा संच, बरेच जण करतात हो, पण आतमध्ये रंगांची नावं सगळी अनटायटल्ड नाहीतर स्वॉच 1, स्वॉच 2, महिन्याभराने उघडलं की त्वचेचा कोणता आणि भिंतीचा कोणता काही पत्ता लागत नाही.

नाव रंग कशासाठी आहे त्यावरून द्यावं असं माझं मत. "फ्रॉक उजेड", "फ्रॉक सावली". उद्या प्रकाशक म्हणाले फ्रॉक हिरवा करा, तरी नाव चालतंय, "गडद लाल 2" चं काय करणार? (वेबच्या ठरलेल्या रंगांत तर डार्कग्रे हा साध्या ग्रेपेक्षा फिका आहे, एकाचा आकडा 169 आणि दुसऱ्याचा 128, आकडा मोठा तेवढा रंग फिका, बोला आता.) लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारेही चित्रकार असतात, त्यांना तर नावांचाच आधार.

आणि याला पैसे लागत नाहीत. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात रंगांचे गट करता येतात, पॅलेट चित्राच्या फाईलमध्येच सेव्ह करता येतं. जिंप या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरची पॅलेट फाईल तर साधी टेक्स्ट फाईल असते, नोटपॅडमध्ये उघडा, प्रत्येक रंगाच्या ओळीत लाल-हिरवा-निळा यांचे 0 ते 255 मधले आकडे आणि पुढे नाव, ते मराठीतही लिहिता येतं. क्रिता आणि इंकस्केप ही सॉफ्टवेअरंही ती वाचतात. आयपॅडवर प्रोक्रिएट अॅपमध्ये पॅलेटच्या कार्ड्स व्ह्यूमध्ये रंगाचं नाव बदलता येतं, फक्त एका पॅलेटमध्ये 30 च रंग मावतात.

नावासोबत आकडे स्वतःकडे ठेवाच. 2022 मध्ये फोटोशॉपवाली अॅडोबी आणि छपाईच्या ठरावीक रंगांना नंबर देणारी पँटोन या कंपन्यांचं बिनसलं तेव्हा जुन्या फोटोशॉप फाईलींमधले पँटोन रंग लोकांना चक्क काळे दिसायला लागले, परत हवे तर वेगळे पैसे भरा.

बरं नुसते आकडेही पुरत नाहीत, तेच आकडे एसआरजीबी या प्रोफाइलमध्ये (कोणत्या आकड्याला नेमका कोणता रंग हे ठरवणारी मोजपट्टी) एक दिसतात आणि अॅडोबी आरजीबीत जास्त भडक, म्हणून प्रोफाइल पण लिहून ठेवायचं. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी किंवा राणी कलर छापायच्या चार शाईंत बसतच नाही, न्यूजप्रिंटवर तर अजूनच मरतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. क्रितात सॉफ्ट प्रूफिंग (छापल्यावर रंग कसे दिसतील ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) लावून आधीच बघता येतं.

तर पुढच्या लेखात हे घ्याच. आणि फक्त तुम्हीच नाही, सगळ्याच पेपरवाल्यांना विनंती, बाहेरच्या चित्रकाराकडून चित्र मागवता तेव्हा कोणतं प्रोफाइल हवंय तेही मेलमध्ये टाकत जा, साईज आणि डीपीआय तर सगळेच सांगतात.

आपली,
एक वाचक, सांगली