चमचाभर विरजण मागून आण

चि. सुमेध यास,
अनेक आशीर्वाद.

वाकडला राहायला जाऊन तुला सात महिने झाले. परवा फोनवर तू म्हणालास, "आई, इथे कुणी मेलं तरी चार दिवस कळायचं नाही." आणि लगेच गाडीच्या सर्व्हिसिंगचं बोलायला लागलास. मी तेव्हा गप्प बसले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. उपदेश करत नाही, कामं सांगते. पहिलं काम दह्याचं.

समोरच्या घराची बेल वाजव आणि चमचाभर विरजण माग.

वेळ बघून जा. सकाळी सात-आठला घरोघरी डब्यांची घाई असते, दुपारी एक ते चार म्हाताऱ्या माणसांची झोप. दिवेलागणीनंतर बऱ्याच घरांतून दूध, दही, मीठ बाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. तुला पटो न पटो, तेव्हा गेलास आणि नकार आला तर तो तुला नसतो, वेळेला असतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा-अकरा बरं. झाकणाची छोटी स्टीलची वाटी आपली ने. घरात हिंदी बोलत असतील तर 'जामन' म्हण, लगेच कळेल. नाव, फ्लॅट नंबर, मग काम, या क्रमाने सांग. एकटा मुलगा दारात दिसला की लोक आधी दचकतात; बॅचलर भाडेकरू हा सोसायटीच्या मीटिंगमधला कायमचा विषय असतो, तुला ठाऊकच आहे. दोन पावलं मागे उभा राहा, फोन खिशात ठेव. पहिल्या दिवशी आत बोलावलं तरी "पुन्हा येतो काकू" म्हणून निघ.

आता दही. अर्धा लिटर दूध उकळ, दोन-तीन मिनिटं मंद आचेवर राहू दे, मग निवव. करंगळी बुडवून दहा अंक मोजता आले आणि चटका बसला नाही की दूध तयार. थर्मामीटर लावायची हौस असेल तर ४० ते ४५ अंश. विरजण एक चहाचा चमचा, जास्त नको. आधी दोन चमचे कोमट दुधात ते घोटून घे, मग सगळ्या दुधात मिसळ, झाक आणि भांड्याला हात लावू नको. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं, पावसाळ्यात सात-आठ. पुण्याच्या डिसेंबरात रात्रसुद्धा अपुरी पडते, तेव्हा भांडं गव्हाच्या पिठाच्या डब्यात किंवा कॅसरोलमध्ये ठेव. लागलं की फ्रीजमध्ये टाक, नाहीतर आंबत जातं.

बिघडतं ते बहुतेक घाईने. दूध कढत असताना विरजण घातलं तर त्यातले जिवाणू मरतात आणि सकाळी चोथापाणी हाती लागतं. दूध पार गार झालं असेल तर सकाळी दूधच राहतं. विरजण दोन-तीन चमचे ओतलं तर दही आंबट होतं आणि पाणी सुटतं. चमच्याला चिकट तार आली तर विरजणच बिघडलंय. ते दही पुढच्या वेळेला वापरायचं नाही, नवीन मागायचं. हे तीस वर्षं दही लावणाऱ्या बाईच्याही घरी होतं. कधी तार येते, कधी पाहुणे सगळं दही संपवतात आणि चमचाभर बाजूला काढायचं राहून जातं. मग तिलाही वाटी घेऊन कुणाचं तरी दार वाजवावं लागतं. तुझ्याकडे रोज दही लागायला लागलं की बघ, ते दार कधीतरी तुझं असेल.

दुकानातल्या दह्यानेही विरजण लागतं, खोटं कशाला सांगू. पण मागायला विरजणासारखी सोयीची वस्तू नाही. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, मागणारा लाचार दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी "लागलं का रे?" असं विचारायला दोघांनाही कारण मिळतं. पैसे उसने मागितले तर माणूस टाळतो, मदत करू का म्हटलं तर संशय घेतो. लहानसं काही मागितलं की मात्र समोरच्याला मोठं झाल्यासारखं वाटतं. तू सगळ्यांना मदत करायला धावतोस आणि मागत कुणाकडे काहीच नाहीस. तुझं इथेच अडतं असं मला वाटतं.

त्यांनी त्यांच्या वाटीत दिलं असेल तर ती रिकामी परत करायची नाही, एवढं तुला माहीत आहे. काय घालायचं ते ऐक. दोन लिंबं, कढीलिंबाचा टाळा, मूठभर शेंगदाणे, काहीच नसेल तर दोन चमचे साखर. मिठाईचा अर्धा किलोचा बॉक्स नेऊ नको. विरजणाच्या बदल्यात चारशे रुपयांची मिठाई आली की समोरचा अवघडतो, त्याला तेवढ्याच तोलामोलाचं काहीतरी परत करावं लागतं आणि पुढच्या वेळी तो दार उघडताना विचार करतो. हिशेब चिल्लरीतला असू दे आणि कधी पुरता फिटू नये. ईदला शेजारून शीरखुर्मा आला तर त्याच डब्यातून दिवाळीला चकल्या जातील, सहा महिन्यांनी गेल्या म्हणून काही बिघडत नाही. तोवर डबा धुऊन, झाकणासकट, वेगळा ठेव. शेजाऱ्यांचे डबे हरवणारा माणूस कितीही गोड बोलला तरी लोकांच्या लक्षात डबाच राहतो.

शेजार तुटायला फार मोठं कारण लागत नाही. पार्किंग, दाराबाहेरची चपलांची रॅक, आणि ओल. ओलीचं नीट समजून घे, कारण तू चौथ्या मजल्यावर आहेस आणि तुझ्या न्हाणीखाली कुणाचं तरी छत आहे. खालून तक्रार आली तर "घरमालकाशी बोला" असं इंटरकॉमवर सांगू नको. जिना उतरून जा आणि डाग डोळ्याने बघ. बहुतेक वेळा दोष दोनच ठिकाणी असतो, फरशीच्या सांध्यांतला व्हाइट सिमेंट निघालेला असतो किंवा जाळीखालच्या नहाणी ट्रॅपचा जोड सुटलेला असतो. एक दिवस त्या न्हाणीत पाणी न वापरता डाग सुकायला लागतो का बघ. दुसरी न्हाणी आहेच तुझ्याकडे. पाणी बंद असूनही ओल वाढत राहिली तर दोष नळाच्या भिंतीतल्या पाइपात असण्याची शक्यता जास्त, सांडपाण्याच्या बाजूला नाही. फोटो काढ, मालकाला लेखी कळव आणि खालच्यांना प्लंबर येण्याचा दिवस सांग. दिवस पुढे गेला तर तेही आपण होऊन सांग. छत गळतंय यापेक्षा वरचा माणूस फोन उचलत नाही याचा राग लोकांना जास्त येतो.

मग किल्ली. दोन-तीन महिने वाट्या इकडून तिकडे झाल्या की एक जादा किल्ली समोर ठेवायला दे. त्यांच्याकडची आधी मागू नको. किल्लीसोबत एका चिठ्ठीवर माझा नंबर, तुझ्या ऑफिसातल्या एका मित्राचा नंबर, तुझा रक्तगट, आणि गॅसचा रेग्युलेटर कुठे बंद करायचा ते लिही. गॅसचा वास आला तर बेल वाजवायची नाही, दिव्याचं बटण वर-खाली दोन्ही करायचं नाही, खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा. हे तुलाही लागू.

तुझ्या मजल्यावर ज्या आजी एकट्या असतात म्हणालास, त्यांच्या दाराकडे जाता-येता नजर टाकत जा. साडेनऊपर्यंत दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली असेल, दुसऱ्या दिवशीचा पेपरही पहिल्यावर पडलेला असेल, तर काहीतरी चुकलंय. आधी बेल, मग फोन, मग खाली वॉचमनला विचार की बाहेर गेल्यात का. वॉचमनला बहुतेक माहीत असतं. तिन्हीकडून उत्तर नाही आलं तर त्यांच्या मुलाला फोन कर. तो नंबर आजच मागून ठेव, त्या दिवशी कुठून शोधणार? रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. आणि एकदा तुमच्या लिफ्टची आतली लांबी-रुंदी मोजून घे. कित्येक इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही, माणसाला खुर्चीत बसवून न्यावं लागतं. पडून कंबर किंवा मान दुखावली असेल तर मात्र आपण उचलायचं नाही, रुग्णवाहिकेतल्या लोकांची वाट बघायची.

कधी ना कधी तुमच्या विंगमध्ये मयत होईल. तेव्हा दार लावून आत बसू नको आणि व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र टाकून मोकळाही होऊ नको. त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भात जातो. पंधरा माणसांना दीड किलो तांदूळ आणि अर्धा किलो बेसन धर. बेसन आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालव, सगळं मिळून साडेतीन लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि उकळी आल्यावर ढवळायचं थांबायचं नाही, नाहीतर बुडाला धरतं. फोडणी, कांदा, लसूण चालतो का ते घरातल्या जाणत्या बाईला आधी विचार, घराघराची रीत वेगळी. एवढं तुला एकट्याला जमणार नाही. समोरच्या काकू पिठलं करतील, तू भात लाव. तेही नाही जमलं तर खुर्च्या खाली ने, पाण्याचा जार भरून ठेव, लोकांचे फोन चार्जिंगला लाव. घरी मृत्यू झाला असेल तर आधी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ते आणि आधारकार्ड हातात असल्याशिवाय पुढचं काही हलत नाही, आणि घरचा माणूस त्या वेळी कपाटाची किल्ली कुठे ठेवली तेही विसरलेला असतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, हे दहाव्या-बाराव्या दिवशी हळूच आठवून दे. बोलायचं काय, हा प्रश्न तुला पडेल. काही बोलू नको. "चहा ठेवतो" एवढं पुरतं.

आणि मग पंधरा दिवसांनी पुन्हा जा. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, खरी शांतता चौदाव्या दिवशी सुरू होते.

देवाचं. तुझा विश्वास नाही, तू स्पष्ट सांगतोस, त्याबद्दल माझा काही वाद नाही. पण एकादशीला तुमच्याकडे पार्किंगमध्ये हरिपाठ होतो म्हणालास, तिथे मागच्या सतरंजीवर जाऊन बस. २७ अभंग आहेत, चालीवर अर्ध्या-पाऊण तासात होतात. टाळ हातात घेऊ नको, ठेका चुकला की शेजारचा हळूच बघतो, टाळ्या वाजव. दिवसभर लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी माणसं तिथे शेवटी एकमेकांना वाकून नमस्कार करतात. वारकऱ्यांची ती रीतच आहे, समोरचा लहान असो, मोठा असो, कुठल्या का जातीचा असो, त्याच्या पाया पडायचं आणि त्याला 'माऊली' म्हणायचं. तुझ्याही पाया सत्तर वर्षांचे आजोबा पडतील. संकोचून मागे सरकू नको, तूही वाक.

ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तुझ्या घरापासून लांब नाही. विंगमधले चारजण मिळून वारकऱ्यांना काही देणार असाल तर केळी, राजगिऱ्याचे लाडू, भाजके शेंगदाणे द्या. तेलकट नको, पोट बिघडून माणूस वाटेत बसतो. पायांना लावायला खोबरेल आणि फोडांवर बांधायला पट्ट्या ठेवा. रेनकोट हजारो लोक वाटतात, पट्ट्या फार कमी.

एखाद्याशी बिनसलंच तर संक्रांतीची वाट बघ. १४ जानेवारीपासून रथसप्तमीपर्यंत तिळगूळ घेऊन कुणाच्याही दारात उभं राहता येतं, आधी कोण बोललं हा प्रश्नच येत नाही. आणि विंगमधल्या बायका हळदीकुंकू ठरवतील तेव्हा त्या एकट्या आजींना बोलावलंय का, ते काकूंना विचार. विधवा म्हणून वगळण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे. माझ्या मते ती आतापर्यंत मोडायला हवी होती. तू मुलगा आहेस, तुला काय कळतं म्हणतील. म्हणू देत, विचार.

गॅलरीतली तुळस वाळू देऊ नको. जेवण वेळेवर.

तुझी,
आई

ता. क. पहिल्या दिवशी दही नाही लागलं तर टाकू नको. मोठ्या पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात भांडं दोन तास ठेव. तरीही नाहीच लागलं तर पुन्हा मागायला जा. काकू विचारतील, दूध किती गरम होतं? खरं सांग.