सुशोभीकरण नको, डागडुजी द्या: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना एका कोल्हापूरकराचं खुलं पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कोल्हापुरातल्या जुन्या इमारतींची देखभाल

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. छत गेलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या, पाठीला पाठ लावून असलेल्या कुस्तीच्या खासबाग मैदानाचा मंचही गेला. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ही वास्तू. त्या रात्री नाटकाशी कधी संबंध न आलेली माणसंही रस्त्यावर उभी राहून रडत होती. हे तुमच्या खात्याच्या टिपणीत आलं असेलच.

आग कशी लागली, यावर गावात भरपूर बोलून झालंय. मला त्यापुढचं बोलायचंय. नाट्यगृह जसं होतं तसंच पुन्हा उभं करू, असं सगळ्यांनीच सांगितलं आणि ते बरोबरच होतं. पण जसं होतं म्हणजे नेमकं कसं? कुठली तुळई किती जाडीची, छपराचा उतार किती, सज्जाची कड कशी वळलेली, हे जळायच्या आधी मोजून कागदावर उतरलेलं असेल, तरच 'तसंच' या बोलण्याला आधार राहतो. मी स्वतः नकाशे काढण्याच्या कामात आयुष्य घालवलं आहे, म्हणून हा प्रश्न मला आधी सुचतो. मागे एकदा एका कार्यालयात जुन्या इमारतीचे नकाशे मागायला गेलो होतो. कपाट उघडलं तर आत तिच्या नूतनीकरणाची बिलं तेवढी नीट लावलेली होती.

पॅरिसचं नोत्र-दाम चर्च १५ एप्रिल २०१९ ला पेटलं. ओकच्या लाकडांचं मध्ययुगीन छप्पर एका संध्याकाळीत गेलं, वरचं टोकदार शिखर कोसळलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडलं. फ्रान्सकडे पैसा आहे, हे खरं. पण त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती. अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेतिहासाच्या प्राध्यापकानं आगीच्या कितीतरी वर्षं आधी लेझर यंत्रानं ते अख्खं चर्च मोजून ठेवलं होतं. २०१४ मध्ये दोन वास्तुविशारदांनी छपराच्या लाकडी सांगाड्यावर चढून एकेक वासा मोजला होता. टॅलन आगीच्या काही महिने आधीच वारले. त्यांनी घेतलेली मापं मात्र उपयोगी पडली.

साहेब, आमच्या टाऊन हॉलची अशी मापं आहेत का? सीपीआर रुग्णालयाची? जुन्या राजवाड्याच्या भवानी मंडपाची? नगारखान्याची? असतील तर ती लोकांना पाहता येतील अशी ठेवा. नसतील तर या वर्षी घ्या. ड्रोन आणि लेझर यंत्रं आता महाराष्ट्रात भाड्यानं मिळतात, आणि वास्तुशास्त्राची मुलं मोजपट्टी घेऊन सुट्टीत काम करायला तयार असतात. सगळ्या मागण्यांत स्वस्त मागणी हीच आहे, म्हणून आधी मांडली.

आता टाऊन हॉलचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर सांगू द्या, कारण मुंबईतून कोल्हापूर म्हटलं की मंदिर, तांबडा-पांढरा आणि चपला एवढंच दिसतं. १८७२ ते १८७६ या काळात टाऊन हॉल बांधला तो मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर. लष्करातला हा इंजिनिअर. अजमेरचं मेयो कॉलेज त्याचं, बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा मूळ आराखडा त्याचा. सीपीआरची जुनी इमारत, म्हणजे मूळचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, त्याचीच. आणि नवा राजवाडाही त्याचाच. काळ्या घडीव दगडातला हा राजवाडा १८७७ मध्ये सुरू झाला आणि १८८४ मध्ये पुरा झाला. मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली जैन मंदिरांतली नक्षी, मुसलमानी कमानी आणि विलायती मांडणी अशी काही एकत्र नांदते की कुठं काय संपलं ते कळत नाही. मँट १८८१ मध्येच वारला. त्यानं राजवाडा पुरा झालेला पाहिला नाही, आणि बडोद्याचं काम पुढं रॉबर्ट चिझमनं तडीस नेलं.

म्हणजे बडोद्यात ज्याच्या कामाला लोक तिकीट काढून जातात, त्याच्या इमारती आमच्या गावात जाता-येता दिसतात. एकीत संग्रहालय आहे, एकीत अजून पेशंट तपासले जातात. मला ही गोष्ट अभिमानाची वाटते. वापरातली इमारत टिकते. कुलूप लागलं की तिचे दिवस भरले. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. रोमन व्यापाराच्या वाटेनं पंचगंगेकाठी आलेला समुद्रदेव, गॉथिक धाटणीच्या इमारतीत, कोल्हापुरी पावसात! एवढा इतिहास एका छपराखाली असताना ते छप्पर दर पावसाळ्याआधी कोण तपासतं, हे विचारण्याचा हक्क आम्हाला असावा.

कारण जुन्या इमारती म्हातारपणानं पडत नाहीत. पडतात त्या पाण्यानं, पिंपळानं आणि उघड्या वायरींनी. परनाळ तुंबते, पाणी भिंतीत उतरतं, ओल धरते, कबुतर नाहीतर कावळा बी टाकतो आणि दोन पावसाळ्यांत दरजेतून पिंपळ वर येतो. आपली माणसं काय करतात? वरून कोयत्यानं छाटतात. मूळ आत तसंच, आणि पुढल्या वर्षी दुप्पट जोमानं येतं. मग एक दिवस दगड निखळतो, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि लाखांच्या कामासाठी कोटीचा प्रस्ताव तयार होतो.

त्या प्रस्तावाचीच मला भीती वाटते. त्यात ग्रॅनाइटची फरशी असते, स्टेनलेस स्टीलचे कठडे असतात, रंगीत दिवे असतात, सेल्फी पॉइंट तर हमखास असतो. आणि काळ्या दगडाच्या दरजांत सिमेंट भरलेलं असतं. जुनी भिंत चुन्यात बांधलेली आहे. चुना ओल शोषतो आणि सोडतो, थोडं हलणंही सोसतो. सिमेंट ताठ राहतं आणि ओल आत कोंडून ठेवतं. ती ओल मग दगडातून वाट काढते, येताना क्षार घेऊन येते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. म्हणजे दरज शाबूत राहते आणि दगड झिजतो. कोल्हापूरसारख्या पावसाच्या गावात हे फार लवकर घडतं.

हा शहाणपणा महागात पडतो, हे अथेन्सनं पाहिलंय. तिथल्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचे मूळ कारागीर संगमरवराचे चिरे जोडताना लोखंडी कड्यांवर शिसं ओतत, म्हणजे लोखंड गंजू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं मोठं दुरुस्तीकाम झालं. त्यात शिसं न लावताच लोखंडी पट्ट्या बसवल्या. त्या गंजून फुगल्या आणि अडीच हजार वर्षांचा संगमरवर आतून फुटला. १९७५ पासून ग्रीक सरकार त्या दुरुस्तीची दुरुस्ती करतंय, आता टायटॅनियम वापरून. काम अजून चालूच आहे.

आपल्याकडे चुन्याची विद्या होती. कळीचा चुना भिजवायचा, मुरवायचा, घाण्यात दगडी चाकाखाली वाळूसोबत मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर आणि हिरड्याचं पाणी घालायचं. गुळाच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. अडचण अशी की हे काम जाणणारे गवंडी आणि पाथरवट आता थोडे उरलेत, आणि जे आहेत ते निविदा भरत नाहीत. निविदा भरतो तो रस्ते आणि गटारं करणारा ठेकेदार. सर्वांत कमी दर त्याचा, काम त्याला. तो वाईट माणूस नसतो. त्याला सिमेंट येतं, म्हणून तो सिमेंट घालतो. दोष दिला तर आपल्या पद्धतीलाच द्यावा लागेल.

अंबाबाईच्या मंदिरातला गरुड मंडप आठवा. सागवानी खांब खालून कुजल्याचं लक्षात आलं तेव्हा तो उतरवून नव्यानं उभा करायची वेळ आली. खांबाचा बुंधा कुजायला वर्षानुवर्षं लागतात. दरवर्षी कुणी टोचणी घेऊन बुंधे तपासले असते तर? याच मंदिराचा किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचतात. वाटेत एखादी गच्ची, एखादी टाकी, एखादा फलक आला की किरण अडतो आणि दरवर्षी गाव मोजत बसतं, यंदा कुठवर आला? बांधणाऱ्यानं मंदिरासमोरची मोकळी हवासुद्धा हिशेबात धरली होती. आपल्या विकास आराखड्यात तिला जागा द्यायची तर तो निर्णय मंत्रालयातूनच व्हावा लागेल. मुंबई शहरासाठी १९९५ मध्येच वारसा नियमावली झाली, देशात पहिली. तिचा धाक मुंबईच्या बिल्डरला वाटतो तसा इथल्याला वाटत नाही, एवढं सांगून हा विषय सोडतो.

वारसा म्हटलं की आपल्याला कमान आणि कळस दिसतात. शाहू मिलकडे पाहून कुणाच्या तोंडून 'वा' निघत नाही. पण १९०६ ची ही गिरणी म्हणजे एका संस्थानिकानं आपल्या रयतेसाठी उद्योग उभा करायचा केलेला प्रयत्न आहे. २००३ मध्ये ती बंद पडली. तिथं शाहू महाराजांचं स्मारक व्हायचं म्हणून घोषणा झाल्या, आराखडे झाले, आणि दरम्यान छपरं गळत राहिली. मला विचाराल तर महाराजांचं स्मारक तिथं उभंच आहे, फक्त त्यावर पत्रे नीट बसवायचेत. तीच गोष्ट दसरा चौकाच्या आसपासच्या बोर्डिंगांची. १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंगपासून सुरुवात झाली, पुढं मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. वास्तुकला म्हणून या इमारती साध्याच. पण खेड्यातल्या पोराला शहरात शिकायला छप्पर मिळालं ते इथं. वारशाची यादी करणाऱ्यांनी शिल्पाबरोबर हेही मोजायला हवं.

'शासकीय काम, सहा महिने थांब' असं आता तुम्हाला म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथं सुरू व्हायचं ठरलं आणि सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारती काही आठवड्यांत सज्ज झाल्या. रात्रंदिवस काम चाललं. लोक कौतुकानं बघायला जात होते. त्याच्या आदल्याच महिन्यात युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात आमचा पन्हाळा आहे. तीन दरवाजा, अंधारबाव, गंगा-यमुना-सरस्वती या अंबारखान्यातल्या धान्याच्या कोठ्या आता जगाच्या नजरेखाली आल्या. युनेस्कोची माणसं सेल्फी पॉइंट मोजत नाहीत. भिंतीत काय भरलंय ते बघतात.

तेव्हा मागणं थोडक्यात असं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शासकीय आणि महापालिकेच्या जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे लोकांसाठी खुले करा. जुन्या इमारतींच्या देखभालीसाठी अर्थसंकल्पात वेगळं लेखाशीर्ष करा, रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दरवर्षी एप्रिलमध्ये हातात पडावी, म्हणजे मे महिन्यात परनाळी साफ होतील, कौलं बसतील, पिंपळ मुळासकट निघतील आणि वायरी तपासल्या जातील. सरकारी कामांच्या दरसूचीत चुन्याच्या कामाचे परवडणारे दर घाला आणि अशा कामांना सर्वांत कमी दराची अट शिथिल करून अनुभवाची अट लावा. कोल्हापुरात चुना आणि दगडकामाचं एक प्रशिक्षण केंद्र काढा. जागा हवी असेल तर शाहू मिलमध्ये पडून आहे. आणि नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीत काय जुनं राहिलं, काय नवं घातलं, कशात बांधलं, याची नोंद पुस्तकरूपानं काढा, पुढच्या शतकातल्या माणसाला शोधत बसायला लागू नये म्हणून.

उद्घाटनाची फीत कापायला यातलं एकही काम सोयीचं नाही, याची मला कल्पना आहे. साफ केलेल्या परनाळीवर कोनशिला बसत नाही. तरीही पुढच्या दौऱ्यात मे महिन्यात या. विश्रामगृहावर बैठक घेण्याऐवजी टाऊन हॉलच्या छपरापर्यंत चढू. शिडीची सोय मी करतो.

आपला नम्र,
एक निवृत्त नकाशाकार, कोल्हापूर

प्रत माहितीसाठी:
माननीय पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा
माननीय आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
अधीक्षक अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, कोल्हापूर