साहेब, तुमचा फोटो सध्या आमच्या सोयाबीनवर आहे

प्रति,
मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य.

नोव्हेंबर 2025

(खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उद्या 'खात्याची बदनामी केली' म्हणून यादीतून नाव उडवाल. आता गमवायला तेवढं एक नावच उरलंय.)

विषय : नियुक्ती आदेश मिळणेबाबत. स्मरणपत्र क्र. 7.

महोदय,

सविनय नमस्कार. आपण कामात असाल, म्हणून आधी ओळख देते. सप्टेंबर 2024 मध्ये आमच्या गावात, परभणी जिल्ह्यात, आपल्या हस्ते सभामंडपाचं भूमिपूजन झालं. त्याच कार्यक्रमात कनिष्ठ लिपिक पदावर निवड झाली म्हणून माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. 'या ताईनं एकही क्लास न लावता यश मिळवलं,' असं आपण भाषणात म्हणालात. क्लास मी दोन वर्षं लावला होता, पण ते असू द्या. पुढचं वाक्य महत्त्वाचं होतं. आचारसंहिता लागायच्या आत ऑर्डर ताईच्या हातात असेल, असं आपण म्हणालात आणि टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वेळ माझ्या आबांनी वाजवल्या.

15 ऑक्टोबरला आचारसंहिता लागली. 20 नोव्हेंबरला मतदान झालं. आपण निवडून आलात, त्याबद्दल अभिनंदन. तुमची ऑर्डर निघाली. माझी अजून 'प्रक्रियेत' आहे.

पत्र लिहायचं कारण मात्र ते नाही. ते गिळून बसले होते. कारण गेल्या सोमवारचं आहे. त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मोबाइलवर मेसेज आला, सोमवारी सकाळी दहाला कागदपत्र पडताळणीस मूळ प्रतींसह हजर राहावे, अन्यथा उमेदवाराचा हक्क राहणार नाही. ही तिसरी पडताळणी. दहावी, बारावी, पदवी, टायपिंग, एमएस-सीआयटी, डोमिसाइल, जात, जात वैधता, नॉन क्रिमिलेयर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा, आरक्षणासाठी लागणारा दाखला), सगळ्याचे तीन तीन संच काढले. रात्रीची एसटी धरली. हाफ तिकीट, तुमच्याच सरकारच्या कृपेनं. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तर चकरा परवडतात, नाहीतर कधीच घरी बसले असते.

दहाची वेळ होती, खिडकी पावणेबाराला उघडली. दीडला माझा नंबर आला. टेबलावरच्या साहेबांनी संच चाळला आणि एक कागद वेगळा काढला.

"मॅडम, तुमचं नॉन क्रिमिलेयर संपलंय."

संपणारच ना! तीन वर्षांचं होतं, 31 मार्च 2025 पर्यंत. मी अर्ज भरला 2023 साली, तेव्हा ते जिवंत होतं. परीक्षा दिली तेव्हा जिवंत होतं, यादी लागली तेव्हा जिवंत होतं, पहिल्या दोन पडताळण्यांत तुमच्याच माणसांनी त्यावर बरोबरची खूण केली. फायलीवर तुम्ही बसलात आणि मुदत संपली माझ्या कागदाची. मी एवढंच म्हणाले की अर्जाच्या वेळी वैध असलं म्हणजे पुरे. त्यावर उत्तर मिळालं की 'वरून मार्गदर्शन मागवलंय'. वर म्हणजे तुम्ही. म्हणून थेट तुम्हालाच लिहिते आहे. द्या मार्गदर्शन.

मला मराठी टायपिंग मिनिटाला तीस शब्द लागतं, ती पदाची अटच होती. या वेगानं हे पत्र पाऊण तासात होईल. माझा आदेश एका पानाचा आहे. त्याला चौदा महिने झाले.

घरचं सांगू नये, पण सांगते. मी बत्तीस वर्षांची आहे. त्यातली साडेतीन वर्षं पुण्यात कॉट बेसिसवर काढली. एका खोलीत सहाजणी, एक बाथरूम, आणि एखादीची पोस्ट निघाली की तिच्या कॉटवर नवीन मुलगी यायची. अभ्यासिकेत सकाळी सातला खुर्ची धरायची, रात्री अकराला सोडायची. मेसचा डबा एकच लावायचा आणि त्यातल्या दोन पोळ्या रात्रीसाठी ठेवायच्या. एका परीक्षेत एका मार्कानं गेले. दुसरीत उत्तरतालिका दोनदा बदलली आणि माझे दोन बरोबर प्रश्न चुकीचे झाले. धाकट्या भावाचं डिप्लोमाचं दुसरं वर्ष त्या काळात सुटलं, कारण एका घरातून दोघांना पैसे पुरत नव्हते. तो आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. त्यानं कधी काही बोलून दाखवलं नाही आणि तेच जास्त लागतं.

आता गावात कोणी माझं नाव घेत नाही, 'मॅडम' म्हणतात. दळणाला गेलं तरी, "मॅडम, कवा जायचं ड्युटीवर?" स्थळं यायची बंद झाली. नोकरी लागेपर्यंत मुलाकडचे म्हणायचे, लागू द्या मग बघू. आता म्हणतात, लागली म्हणता तर ऑर्डर दाखवा. आई तर शेजारणीला सांगते, पोरीचं ट्रेनिंग चालू आहे. चौदा महिने घरी बसून कसलं ट्रेनिंग चालतं ते तिलाच ठाऊक.

तुमचे दीड हजार मिळतात, ते नाकारत नाही. लाडकी बहीण आहे मी. त्याच्या केवायसीला माझ्याबरोबर वडिलांचाही आधार लागतो, तोही दिला. पण साहेब, मी ओवाळणी मागितली नव्हती. मी परीक्षा देऊन, फी भरून, यादीत नाव लावून घेतलेलं पद मागते आहे.

फीचा विषय निघालाच आहे तर तलाठी भरतीचा हिशेब सांगते. 2023 साली पदं साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांच्या वर. फी खुल्या गटाला हजार, राखीव गटाला नऊशे. सगळ्यांनी नऊशेच भरले असं धरलं तरी नव्वद कोटी होतात. कोणाला सूट असेल, कोणाचं पेमेंट फसलं असेल, दोन-चार कोटी इकडेतिकडे, तुम्ही बरोबर आकडा जाहीर करा, मी माझा खोडते. आणि एवढे पैसे भरून काय पाहिलं, तर 200 मार्कांच्या पेपरात कोणाला 214! वेगवेगळ्या पाळ्यांचे पेपर सोपे-अवघड असतात म्हणून मार्क सूत्रानं वरखाली करतात, सामान्यीकरण म्हणतात त्याला. आमच्या आबांना मी तासभर समजावलं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे शंभर किलोच्या पोत्यात एकशे सात किलो." त्यानंतर मलाही समजेनासं झालं.

घोषणांचं तर विचारूच नका. 2018 ला 72 हजारांची मेगाभरती, 2022 ला 75 हजारांची. रिकामी पदं किती, तर वर्तमानपत्रात कधी अडीच लाख येतात, कधी पावणेतीन. डिसेंबर 2021 मध्ये म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री ट्वीट करून रद्द झाली. माझ्या खोलीतल्या दोघी तेव्हा सेंटरच्या गावी जाऊन पोहोचल्या होत्या, स्टँडवर रात्र काढली. राज्यसेवा 2024 ची पूर्व परीक्षा 28 एप्रिलची जुलैवर गेली, तिथून 25 ऑगस्टवर, आणि झाली 1 डिसेंबरला. तेव्हाचं सरकार वेगळं, आताचं वेगळं, हे मला शिकवू नका. आम्ही सगळ्यांचीच सरकारं पुण्याच्या रस्त्यावर बसून बघितली आहेत. विरोधात असताना सगळेच आमच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसतात.

यंदाची मात्र एक गोष्ट कबूल करते. 28 सप्टेंबरची राज्यसेवा पुरामुळे 9 नोव्हेंबरवर नेली, ते बरोबर केलं. आमच्याच गावाच्या पुलावर तेव्हा कमरेएवढं पाणी होतं.

पण मूळ दुखणं सांगू का? पोरांना तारखा आहेत. अर्जाची शेवटची तारीख रात्री 11 वाजून 59 मिनिटं, एक मिनिट उशीर झाला की वर्ष गेलं. वयाला तारीख, कागदांना तारीख, आक्षेप घ्यायला तारीख आणि वर प्रत्येक प्रश्नाला पैसे. तुम्हाला कुठलीच तारीख नाही. 2024 ला पेपर फोडणाऱ्यांसाठी कायदा आणलात, तुरुंग आणि दंड दोन्ही. चांगलं केलं. पण पेपर न फोडता, कायदेशीरपणे, शांतपणे, चहा पीत, निवड झालेल्या शेकडो लेकरांची फाइल दाबून ठेवली तर कुठलं कलम लागतं? बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं ती यादी, तपासायची आहे म्हणता. मग जाहिरात काढण्याआधी काय तपासलं होतं? कोणीतरी मॅटमध्ये, म्हणजे नोकरीचे वाद ऐकणाऱ्या प्रशासकीय न्यायाधिकरणात, गेलंय म्हणता. ज्या पदावर वाद आहे ते ठेवा बाजूला, बाकीच्यांचं काय? आणि तोवर कार्यालयात टेबलं रिकामी आहेत का? नाहीत. माझ्या होणाऱ्या खुर्चीवर कंत्राटी मुलगा बसलाय, बारा हजारांवर. बिचाऱ्यानंच मला सोमवारी पाणी दिलं. त्याला वाटतं मी आले की त्याची सुट्टी होणार. मला वाटतं तो आहे तोवर तुम्हाला माझी घाई नाही. दोघांना एकमेकांचं वाईट वाटतं, हे तुमच्या खात्याचं कर्तृत्व.

मागणं फार नाही. अर्जाच्या दिवशी वैध असलेलं प्रमाणपत्र ग्राह्य, एवढं एका ओळीचं पत्र खाली पाठवा. आणि आदेशाची तारीख द्या, लेखी. 'लवकरच' नको. आता नगरपालिकांच्या निवडणुका आल्यात, म्हणजे पुन्हा आचारसंहिता, पुन्हा तेच कारण.

कळावे.

आपली,
निवड यादीतील एक उमेदवार

ता. क. : सत्काराच्या वेळचा दहा बाय पंधराचा फ्लेक्स आमच्याकडेच आहे. 'अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल' असं त्यावर छापलंय, लिपिकाचा अधिकारी तुमच्या कार्यकर्त्यांनीच केला. माझा फोटो कोपऱ्यात, तुमचा मधोमध. पावसात जे थोडं सोयाबीन हाती लागलं त्याच्या गंजीवर आबांनी तोच टाकलाय, तुमची बाजू वर करून. दोन ठिकाणी फाटलाय, पण अजून पाणी आत जाऊ देत नाही. परत हवा असल्यास कळवावे. बांबू मात्र मागू नयेत, ते कार्यकर्त्यांनी दुसऱ्याच दिवशी नेले.